बिदरचे दोन दिवस आणि सासूबाईंचे पानदान

शनिवारी सकाळची शाळा आटोपून आम्ही उदगीरहून बिदरची बस धरली. सोबत दोन्ही मुले आणि जुन्या ओढणीत गुंडाळलेले सासूबाईंचे बिदरी पानदान. त्यांच्या इंतकालानंतर ते माळ्यावर पडून होते. काळा रंग विटलेला, झाकणावरची चांदीची तार दोन ठिकाणी निघालेली. भंगारात द्यायचे जवळजवळ ठरले होते. एकदा कारागिराला दाखवू, म्हणून घेतले.

संध्याकाळी चौबाऱ्याच्या गोल बुरुजाजवळच्या बाजारात फिरलो. एकाच दुकानात दखनी, कन्नड आणि मराठी कानी पडते. १९५६ पर्यंत बिदर हैदराबाद राज्यात होते, त्याची ही खूण. छोट्या हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किटे घेऊन आम्ही बिदरीच्या एका दुकानात शिरलो. म्हातारे कारागीर पानदान उलटसुलट पाहून म्हणाले, “बाजी, कल जोहर के बाद आओ.” सांगितलेली मजुरी भंगाराच्या किमतीहून जास्त होती. आम्ही घुटमळलो, पण पानदान ठेवून आलो.

रविवारी सकाळी महमूद गावान यांचा मदरसा पाहिला. बहमनी सल्तनतीच्या या वजिराने तो १४७२ मध्ये बांधला. भिंतीवर निळ्या फरशीनक्षीचे तुकडे अजून टिकून आहेत. मुले बराच वेळ त्यावरची अक्षरे लावत बसली.

जोहरची नमाज आटोपून दुकानात गेलो. तार बसवून झाली होती. शेवटचे काम कारागिरांनी मुद्दाम मुलांसाठी ठेवले होते. जस्त आणि थोडे तांबे यांचे हे भांडे. ते किंचित तापवून किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप त्यावर चोळला. धुतल्यावर धातू काळाभोर झाला, चांदी मात्र तशीच शुभ्र! मुलांनी पुन्हा करून दाखवायला सांगितले. याच बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना या कलेसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे कारागिरांनी अभिमानाने सांगितले.

पैसे देताना आम्ही घासाघीस केली नाही. “चिंचेने घासू नका. अधूनमधून खोबरेल तेलाचे बोट फिरवा आणि रोज वापरा,” एवढेच ते म्हणाले.

आमच्या घरी आता पान कोणी खात नाही. पानदानात लवंग, वेलची आणि बडीशेप असते. जेवणानंतर धाकटी ते सर्वांपुढे फिरवते आणि पाहुण्यांना आवर्जून सांगते, “हे दादीअम्मांचे आहे.”