इंजिनाची तळबांधणी

शर्यतीच्या मोटारीची गोष्ट निघाली की अश्वशक्तीचा आकडा प्रथम तोंडी येतो. ती शक्ती अंगावर झेलतो कोण, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्या झेलणाऱ्याविषयीच बोलणार आहोत.

क्रँकशाफ्ट हा इंजिनाचा कणा. सिलिंडर ब्लॉकच्या तळाशी तो मेन बेअरिंगांत फिरतो. प्रत्येक बेअरिंगचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये, तर खालचा अर्धा बोल्टांनी आवळलेल्या लोखंडी टोपीत असतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा. त्याला जागा अवघी दोन-तीन हजारांश इंच. टोपी तेवढी जरी हलली तरी पापुद्रा फाटतो, धातूला धातू भिडतो आणि बेअरिंग गेलेच म्हणून समजावे.

फोर्ड कंपनीचे 427 हे सात लिटरचे इंजिन घेऊ. पिस्टन व त्याच्याबरोबर वरखाली होणारे भाग मिळून एक किलो धरले, तर मिनिटाला 6000 फेरे असताना वरच्या टोकाशी उलटताना ते क्रँकशाफ्टला सुमारे अडीच टनांनी ओढतात. तेही सेकंदाला शंभर वेळा! खालच्या टोकाशी जोर काहीसा कमी, पण तो टोपीवर पडतो. जळत्या वायूचा दाब आणखी वेगळा. वेग निम्मा केला की ही ओढ चौथाईवर येते. म्हणूनच रस्त्यावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले इंजिन शर्यतीत तासाभरात मोडू शकते.

त्यातून हे इंजिन व्ही आकाराचे. सिलिंडरांच्या दोन ओळी काटकोनात, त्यामुळे धक्का सरळ खाली न येता कधी डावीकडून, कधी उजवीकडून तिरपा येतो. उभे बोल्ट कितीही आवळले तरी टोपी बाजूला सरकू पाहते. डुलणाऱ्या चौकटीला वरून आणखी खिळे ठोकून काय उपयोग? तिला बाजूने पाचर हवी. फोर्डच्या अभियंत्यांनी नेमके तेच केले. या ब्लॉकच्या भिंती क्रँकशाफ्टच्याही खाली उतरतात; त्या भिंतींतून आडवे बोल्ट घालून पाचांपैकी मधल्या तीन टोप्या दोन्ही बाजूंनी जखडल्या. 1962 साली 406 इंजिनात आलेली ही युक्ती पुढे 427 मध्येही राहिली.

तेलाची वाट मात्र 1965 साली सुधारली. ब्लॉकच्या बगलेतून नवी वाहिनी काढून तेल आधी मेन बेअरिंगांना आणि मग वरच्या भागांना दिले. ज्याच्यावर भार, त्याला पहिला घास! 1966 साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत याच इंजिनाच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या.

हे ऐकून कोणी जुन्या इंजिनावर नव्या भक्कम टोप्या चढवू म्हणेल, तर थोडे थांबावे. टोप्या आवळूनच सर्व बेअरिंगांची भोके एका रेषेत कोरलेली असतात. टोपी बदलली की ती रेषा पुन्हा कोरून घ्यावी लागते. जुनीच परत बसवायची तर ती आपल्याच जागी, आपल्याच तोंडाने बसली पाहिजे. टोप्या उतरविण्यापूर्वी जाणता मिस्त्री पंचाने त्यांवर खुणा करतो, त्या याचसाठी.