पोटखराबा

महाबळेश्वराहून परतणारा मनुष्य बहुधा तेथील थंड हवा, सूर्यास्त व स्ट्रॉबेरी यांचेंच वर्णन करितो. प्रस्तुत लेखकाचा त्या डोंगराळ मुलखाशीं संबंध निराळा. महसूल खात्यांत कारकून असतां सातबाऱ्याच्या उताऱ्यांत ‘पोटखराबा’ हा शब्द मीं किती वेळां लिहिला असेल, त्याची गणती नाहीं. जी जमीन नांगराखालीं येत नाहीं व जीवर आकार बसत नाहीं, ती पोटखराबा. तिच्यावर काय उगवतें, हें विचारण्याचें कारणच पडत नसे.

निवृत्तीनंतर गेल्या फाल्गुनांत तेथील एका स्नेह्यांच्या रानांत चार दिवस राहण्याचा योग आला. खालीं स्ट्रॉबेरीचे वाफे, वरच्या अंगास कारवी व गेळ्यानें भरलेला १५ गुंठे कातळ, आणि त्यापलीकडे जांभळीचें दाट रान. तेथें एक शेकरूही दिसलें. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. पण उताऱ्यांत त्याला रकाना नाहीं!

सकाळीं ऊन चढतांच सातेरी माशा वरून उतरून वाफ्यांतील पांढऱ्या फुलांवर बसूं लागल्या. स्नेह्यांनीं एक वेडेंवांकडें फळ तोडून माझ्या हातीं दिलें व म्हणाले, “भाऊसाहेब, इथें माशी नीट बसली नाहीं.” स्ट्रॉबेरीच्या अंगावरील प्रत्येक बारीक बी परागानें धरली, तरच तिच्याभोंवतालचा गर फुगतो, न धरली तर फळ तेवढ्या भागीं आंखडतें.

ही माशी झाडाच्या ढोलींत वा खडकाच्या कपारींत घर करिते, आणि चाऱ्यासाठीं फार लांब जात नाहीं. स्ट्रॉबेरीचा बहर सरला कीं जांभूळ, गेळा, हिरडा हाच तिचा आधार. कारवी तर सात वर्षांनीं एकदां फुलते आणि मरते. वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गांवीं पावसाळा माशीला उपासाचाच. पेटींतल्या माश्यांस साखरेचा पाक द्यावा लागतो. याच तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें, तें अशा रानाच्या जोरावरच.

स्नेह्यांच्या मनांत मात्र तो १५ गुंठ्यांचा कातळ यंत्रानें फोडून वाफे वाढविण्याचें होतें. (२००१ सालापासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला असल्यानें परवानगीचा प्रश्न आहेच, पण तो निराळा.) त्यांनीं माझा सल्ला विचारला. ज्यानें आयुष्यभर अशा तुकड्यापुढें आकार शून्य लिहिला, त्यानें काय सांगावें? मीं इतकेंच सुचविलें कीं, कळ्या असतांनाच दहा झाडें बारीक जाळीनें झांकावीं, शेजारचीं दहा उघडीं ठेवावीं, आणि दोहोंकडील फळें वजन करून वहींत मांडावीं.

चौथ्या दिवशीं जाळी चढली. यंत्रवाल्यास तूर्त येऊं नको म्हणून निरोप गेला आहे.