चीज कशानें गोठतें?

हल्लीं आपल्या घरांतून चीज या परदेशी पदार्थाचा शिरकाव झाला आहे. दुधाचाच पदार्थ म्हणून वडील माणसेंही त्यास हरकत घेत नाहींत. परंतु तें दूध कशानें गोठविलें, हा प्रश्न शाकाहारी घरांनीं अवश्य विचारावा असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे तापल्या दुधांत आंबट घातलें कीं चोथा व पाणी वेगळें होतें. वैदिक यज्ञांत दह्यानें फाडलेल्या दुधाच्या अशा चोथ्यास आमिक्षा व पाण्यास वाजिन म्हणत. युरोपांतील बहुतेक जुन्या चीजांची रीत निराळी. तेथें कोमट दुधांत रेनेट घालतात. तें दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरांतून निघतें. अर्थात् वासरूं मारल्यावांचून मिळत नाहीं.

इटलींतील पार्मिजानो रेज्जानो घ्या. गाईच्या सुमारें 550 लिटर दुधाची 40 किलोंची एक ढेप होते. ती निदान 12 महिने मुरवितात, तेव्हां तीस दाणेदार कठीणपणा येतो. त्याच्या नियमांत वासराचेंच रेनेट सांगितलें आहे. फ्रान्समधील रोकफोर मेंढीच्या दुधाचें. कोंबालू डोंगराच्या थंड, दमट गुहांत मुरतांना एका बुरशीनें त्यांत निळ्या शिरा उमटतात. फ्रान्सनें 1925 सालीं त्याच्या नांवास कायद्याचें संरक्षण दिलें. त्यासही रेनेट प्राण्याचेंच.

म्हणून चीजमात्र वर्ज्य, असें नव्हे. पोर्तुगालांतील सेर्रा दा एश्त्रेला हें मेंढीच्या दुधाचें चीज एका काटेरी झुडपाच्या वाळलेल्या फुलांनीं गोठवितात. तें आंतून इतकें मऊ राहतें कीं चमच्यानें काढून खातात. स्पेनमधील तोर्ता देल कासार याच जातीचें. तैत्तिरीय संहितेंतही दूध विरजण्याच्या द्रव्यांत पूतीक वनस्पति व पळसाची साल यांचा उल्लेख आहे. तेव्हां ही कल्पना आपणांस परकी नाहीं. शिवाय आतां सूक्ष्मजंतूंपासून केलेल्या द्रव्यानेंही पुष्कळ चीज तयार होतें.

इटलीचे लोक आपली रीत सोडीत नाहींत, यांत त्यांचा दोष नाहीं. आपणही आपली सोडण्याचें कारण नाहीं. भारतांत वेष्टनावरील हिरवी खूण पाहावी. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं त्यांस कळवावें कीं तेथें घटकांची यादी वाचावी, आणि नुसतें रेनेट लिहिलें असल्यास तें कशाचें हें दुकानदारास विचारावें. विचारून खाण्यांत कमीपणा नाहीं.