चिमूटभर कणीक आणि मेंदूवरचे धुके

पंगतीत जेवून आल्यावर पोट बिघडले, तर घरचे लगेच समजून घेतात. पण दुसऱ्या दिवशी ओळखीचे नाव आठवेना, साधी बेरीज चुकू लागली, बोलता बोलता शब्द सापडेना, की ‘झोप झाली नसेल’ म्हणून विषय संपतो. सीलिअ‍ॅक आजार असलेल्या अनेकांना चुकून गहू पोटात गेल्यावर नेमका हाच त्रास होतो. त्याला ‘ब्रेन फॉग’, म्हणजे मेंदूवरचे धुके म्हणतात.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिकटपणा येतो तो त्याच्यामुळेच. सीलिअ‍ॅक आजारात शरीराची प्रतिकारशक्ती ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत लहान आतड्याच्या आतील अस्तराची हानी होते. ग्लुटेन पोटात गेल्यावर दोन ते चार तासांतच अशा रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकिन-२ हे दाहाचा संदेश देणारे द्रव्य वाढलेले आढळते. दाहाचा मेंदूवर परिणाम कोणत्या मार्गाने होतो, यावर संशोधन सुरू आहे. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या ११ रुग्णांना वर्षभर ग्लुटेनमुक्त आहार दिला. आतड्याचे अस्तर जसे भरून आले, तशी त्यांची एकाग्रताही सुधारली.

भाकरीतही गहू

वाशीम जिल्ह्यातील रुग्णासाठी एक जमेची बाजू आहे. ज्वारी हे वऱ्हाडाचे जुने अन्न आणि ज्वारीत ग्लुटेन नसते. बाजरी, तांदूळ, तूर, हरभरा, भगर, राजगिरा, साबुदाणा यांतही ते नसते. म्हणजे भाकरी, वरण-भात आणि पातोडीचा रस्सा असे घरचेच जेवण चालते. महागड्या पाकिटांची गरज नाही.

अडचण येते ती चक्कीवर. गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी टाकली, तर आधीचे पीठ भाकरीच्या पिठात मिसळते. सकाळचे पहिले दळण घेतले तरी जात्यात अडकलेले पीठ उरतेच. बेसनाचेही तसेच. इटलीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्याने रुग्णांच्या आतड्याला इजा झाल्याचे दिसले. एवढे ग्लुटेन साधारण अर्धा ग्रॅम कणकेत असते, म्हणजे जेमतेम चिमूटभर. शक्य असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच टाकू नये. परात, पोळपाट, चाळणी आणि तवाही वेगळा ठेवावा.

दुसरी लपलेली जागा म्हणजे हिंग. बाजारातल्या हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे फोडणी दिलेले वरणही बाधू शकते. भंडाऱ्यात रोडग्यांसोबत वांग्याची भाजी असते. भाजीत गहू नसला, तरी रोडगे वाढणारा हात किंवा पळी त्याच भाजीत गेली की ती चालत नाही. सोया सॉस, शेवया, कुरडया आणि माल्ट असलेल्या दुधाच्या पावडरी यांवरही लक्ष हवे. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा आपल्याकडचा नियम आहे.

चुकून खाल्ले तर?

धुके लगेच घालवणारे औषध नाही. उलटी मुद्दाम काढणे, जुलाबाचे औषध घेणे किंवा ‘शरीरशुद्धी’चे काढे पिणे यांनी फायदा होत नाही, झाला तर अपायच होतो. पुन्हा ग्लुटेन जाऊ न देता वाट पाहणे हाच उपाय. कुणाला काही तासांत बरे वाटते, कुणाला काही दिवस लागतात.

तोवर पाणी भरपूर प्यावे. जुलाब होत असतील तर ओआरएस घ्यावे. साधा वरण-भात खावा, वरणाला हिंगाची फोडणी नको. झोप पुरी करावी. रोजची औषधे घेतल्यावर कागदावर खूण करावी, म्हणजे गोळी चुकणार नाही किंवा दोनदा घेतली जाणार नाही. डोके जड असेपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र चालवू नये; फवारणीचे औषध मोजण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. जमिनीचा किंवा पैशाचा व्यवहार दोन दिवस पुढे ढकललेला बरा. विद्यार्थ्याने शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे. घरच्यांना कारण माहीत असले, की टोमणे थांबतात आणि रुग्णावरचा ताणही कमी होतो.

त्रास ओसरल्यावर मागच्या दोन दिवसांत काय, कुठे आणि कुणाच्या हातचे खाल्ले, हे वहीत लिहावे. तीन-चार नोंदी झाल्या, की चक्की, हिंग की पंगत हे बहुधा कळते.

तपासणीआधी गहू सोडू नका

डोके जड राहते म्हणून परस्पर गहू बंद करणे चूक आहे. सीलिअ‍ॅकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात आणि गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. गहू आधीच सोडला असेल, तर दोन्ही तपासण्या फसव्या येऊ शकतात.

निदान झालेल्यांनीही प्रत्येक धुक्याचे खापर गव्हावर फोडू नये. रक्तातील लोह किंवा बी-१२ कमी असणे आणि थायरॉइडचा विकार यांनीही असेच वाटते, आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णांत या गोष्टी बरेचदा सोबत असतात. आठवडा उलटूनही फरक पडला नाही, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. अचानक बोबडे बोलणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. तेव्हा १०८ वर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे.