गोष्ट कोणाची?

रात्रीची वेळ. रस्त्याकडेच्या एका मोटेलमागे दलदल आहे. एक तरुण मोटारगाडी ढकलत आणून त्या दलदलीत सोडतो आणि काठावर उभा राहून ती बुडताना बघतो. गाडीच्या डिकीत एका बाईचं प्रेत आहे. गाडी हळूहळू खाली जाते, बरीचशी बुडते आणि मध्येच थांबते. टप वरच राहतो. तरुणाचं तोंडातलं चघळणं थांबतं. तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. आपणही खुर्चीत जरा पुढे सरकतो. मग चिखलात बुडबुडे येतात, गाडी पुन्हा हलते, दिसेनाशी होते आणि आपल्याला हायसं वाटतं.

हायसं कशाबद्दल? खुनाचा पुरावा नाहीसा झाला याबद्दल!

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’मधला (१९६०) हा प्रसंग. त्याची गंमत कळायची तर थोडं मागे जावं लागतं. चित्रपट सुरू होतो तो मॅरियन क्रेन या तरुणीपासून. फिनिक्स शहरातल्या एका कचेरीत ती नोकरी करते. मालकानं बँकेत भरायला दिलेले चाळीस हजार डॉलर घेऊन ती पळते. वाटेत काळा चष्मा लावलेला पोलीस तिच्या गाडीच्या खिडकीशी वाकतो, तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. चोरी तिनं केली आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी ती पकडली जाऊ नये असंच वाटत राहतं. मग पाऊण तासाच्या सुमारास, मोटेलच्या न्हाणीघरात, तिचाच खून होतो. नायिका गेली आणि चित्रपट तर निम्मादेखील झालेला नाही.

आता कोणाबरोबर राहायचं? हिचकॉक उत्तर देतो ते शब्दांविना. मोटेलचा मालक नॉर्मन बेट्स धावत येतो. त्याच्या आईच्या हातून हे घडलं, अशी तेव्हा आपली समजूत करून दिलेली असते. नॉर्मन बादली आणतो, फरशी पुसतो, प्रेत न्हाणीघराच्या पडद्यात गुंडाळतो, तिचं सामान गोळा करतो. वर्तमानपत्राच्या घडीत चोरीचे पैसे आहेत याचा त्याला पत्ताही नसतो. ती घडीही तो डिकीत टाकून देतो. ही सगळी साफसफाई कॅमेरा सावकाश, कंटाळा न करता दाखवत राहतो. आणि नेमकं काय, केव्हा घडलं ते न कळता आपण नॉर्मनचे होऊन जातो. गाडी अडकते तेव्हा त्याच्याबरोबर आपलाही जीव अडकतो.

ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला त्या रॉबर्ट ब्लॉकच्या ‘सायको’ची (१९५९) सुरुवात नॉर्मनपासून होते. पटकथाकार जोसेफ स्टेफानोनं ती मॅरियनपासून केली. घटना जवळपास त्याच राहिल्या, फक्त आधी कोणाचा हात धरायचा ते बदललं. तेवढ्यानं न्हाणीघरातल्या खुनाचं रूप पालटलं. एरवी तो एका गिऱ्हाइकाचा खून ठरला असता. आता तो आपल्या पायाखालची जमीन काढून घेतो.

नायक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शूर, देखणा, सद्गुणी माणूस येतो. ‘सायको’तल्या या काही मिनिटांत यातलं काहीच लागत नाही. लागतं ते एवढंच: एक माणूस, त्याच्यापुढचं एक अवघड काम आणि ते काम बिघडण्याची शक्यता. एवढं जवळून दाखवलं की आपली निष्ठा त्या माणसाकडे जाते. ती चारित्र्याचा दाखला मागत नाही.

आपल्याकडच्या नाट्यशास्त्रानं ही गोष्ट फार पूर्वी हेरून ठेवली आहे. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत हे नायकाचे चार प्रकार पुष्कळांना ठाऊक असतात. पण खरी कमाल कथानकाच्या पाच अवस्थांमध्ये आहे. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. नावं नीट वाचली तर ध्यानात येतं की यात युद्ध, विवाह, मृत्यू अशी एकही घटना नाही. कोणाला तरी काहीतरी हवं आहे; तो त्यासाठी झटतो; मिळेल अशी आशा वाटते; आता मिळणारच अशी खात्री होते; मिळतं. सगळं मोजमाप त्या हव्या असलेल्या फळापासून किती दूर आणि किती जवळ, या एकाच पट्टीनं. म्हणजे नायक बदलला की फळ बदलणार, फळ बदललं की पट्टी बदलणार, आणि काल ज्याला आपण शेवट म्हणत होतो तो आज मध्य ठरणार.

याच शास्त्रात मुख्य कथेबरोबर दूरवर चालणाऱ्या उपकथेला ‘पताका’ म्हटलं आहे आणि तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे सुग्रीव. सुग्रीवाची बाजू जरा वेगळी काढून बघा. भावानं हाकलून दिलेला, राज्य गेलेलं, बायको हिरावलेली, जिवाच्या भीतीनं डोंगरावर लपलेला माणूस. एका महाकाव्याला पुरेल एवढा ऐवज यात आहे. पण फळ सीतेच्या सुटकेचं ठरलं, त्यामुळे सुग्रीवाचं अख्खं आयुष्य रामाच्या वाटेवरचा एक मुक्काम झालं. वालीचं तर त्याहून विचित्र. रामकथेत त्याचा मृत्यू हा सैन्य मिळण्याआधीचा टप्पा. वालीला मध्यभागी ठेवलं तर भावाशी झुंजत असताना आडून आलेला बाण हीच कथेची परमसीमा. बाण तोच, छातीही तीच.

फळ कोणाला हवं, हे ठरवताना लेखकाला आणखी एक गोष्ट बघावी लागते: निर्णय कोणाच्या हातात आहे? संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आठवा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. कोकणातल्या एका लहान मुलाला, परशुरामला, डोळ्यांचा कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. दुखणं नातवाचं, डोळे नातवाचे, अंधारही त्याच्याच वाट्याला येणार. मग गोष्ट त्याची असायला हवी. पण ती आहे आजोबांची. कारण पुढे काय वाढून ठेवलंय ते त्या पोराला माहीत नाही. ते माहीत असून त्याच्यासमोर हसत बसण्याची वेळ आजोबांवर आली आहे. होकार त्यांनी द्यायचा, नातवाला सांगायचं त्यांनी, आणि शस्त्रक्रियेआधी त्याला हॉस्पिटलातून बाहेर नेऊन जग दाखवायचं तेही त्यांनीच. आजोबा झालेल्या अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावर चित्रपट इतका रेंगाळतो तो यासाठी. ज्याला सर्वांत जास्त सोसावं लागतं तो नायक होतोच असं नाही. ज्याला जाणून-समजून काही ठरवावं लागतं, त्याच्याकडे गोष्ट ओढली जाते.

आणि ज्याला सगळंच माहीत आहे, तो सांगणारा म्हणून कुचकामी ठरू शकतो. शेरलॉक होम्सच्या बहुतेक कथा डॉक्टर वॉटसन सांगतो. त्याच्या डोळ्यांना बुटावरचा चिखल दिसतो, अर्थ दिसत नाही. म्हणून तर आपल्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं. आर्थर कॉनन डॉयलनं मोजून दोन कथा होम्सच्या तोंडून सांगितल्या. त्यांतल्या एकीत होम्स स्वतःच कुरकुरतो की वॉटसन नसल्यानं कथा रंगवणं अवघड झालं आहे. गोष्ट होम्सची, पण आपल्याला किती आणि केव्हा कळायचं त्याचा नळ वॉटसनच्या हाती.

मराठी कादंबरीनं हे दोन धागे, ज्याची गोष्ट तो आणि जो सांगतो तो, निरनिराळ्या रीतीनं विणून पाहिले. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात. देवयानी बोलत असते तेवढा वेळ ती खलनायिका राहू शकत नाही; स्वतःच्या गोष्टीत कोणीच खलनायक नसतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही निवेदन करतात. पण इथे प्रत्येकाच्या बोलण्याचं तोंड कर्णाकडे वळलेलं आहे. महाभारतात कर्णाच्या रथाचं चाक भूमीत रुतणं ही पांडवांच्या विजयवाटेवरची एक पायरी होती. या कादंबरीत तिच्यापुढे वाटच नाही.

मग नायकापासून कॅमेरा मुद्दाम दूर गेला तर? चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) हा प्रयोग आहे. नारायण कांबळे या वयस्क लोकशाहिराला पोलीस भर कार्यक्रमातून उचलतात. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. इथून पुढे हा माणूस न्यायासाठी लढेल आणि आपण त्याच्या मागोमाग जाऊ, अशी आपली तयारी होते. पण कॅमेरा जातो त्याच्या वकिलाबरोबर सुपरमार्केटात. सरकारी वकील बाईंबरोबर लोकलनं घरी, तिथून त्यांच्या स्वयंपाकघरात. कांबळे तुरुंगात असतात आणि चित्रपट इतरांच्या घरी जेवत असतो.

शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. माणसं बाहेर पडतात, दिवे एकेक करून विझतात, दार बंद होतं. काळोख. चित्रपट संपला असं वाटून आपण उठायच्या बेतात असतो, तेवढ्यात लख्ख उन्हात न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघालेले दिसतात. निकाल नाही, फलागम नाही. गोष्ट ज्याची असायला हवी होती त्याच्या हातून ती काढून घेतली गेली आहे. कोर्टाच्या तारखांमध्ये अडकलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं: त्याच्या आयुष्याची गोष्ट दुसऱ्यांच्या सोयीनं चालते. ताम्हाणे हे संवादांतून सांगत नाहीत. नायकाची जागा रिकामी ठेवून ते आपल्याला अनुभवायला लावतात.

याच्या अगदी उलट नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) जब्या या शाळकरी पोराला क्षणभरही सोडत नाही. जब्याला काय हवं आहे? वर्गातल्या शालूनं आपल्याकडे बघावं. त्यासाठी त्याला जीन पँट हवी आहे, काळी चिमणी हवी आहे. त्याच्या बापाला, कचरूला, हवे आहेत पोरीच्या लग्नासाठी पैसे, आणि त्यासाठी गावातली डुकरं पकडायचं काम त्यानं पत्करलं आहे. शाळेजवळ सगळं कुटुंब डुकरामागे धावतं आणि शाळेतली पोरं कठड्यावर बसून हसतात. डुक्कर हाताशी आलेलं असताना राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जातं.

हा प्रसंग आधी कचरूच्या बाजूनं बघा. हातची मजुरी गेली, आता पुन्हा धावपळ. कष्टाच्या असंख्य दिवसांतला हा आणखी एक. आता जब्याच्या बाजूनं बघा. तो मघापासून आडोशाला दडत होता, कारण बघणाऱ्यांत शालू आहे. शालूनं आपल्याकडे बघावं ही त्याची एकच इच्छा होती, आणि ती बघते आहे. फळ मिळालं, पण असं. कचरूच्या पट्टीवर जेमतेम दिसणारा हा क्षण जब्याच्या पट्टीवर सर्वांत मोठा होतो. मंजुळे यांनी बापाला मध्यभागी घेतलं असतं तर दारिद्र्याची कथा झाली असती. पोराला घेतल्यामुळे ती अपमानाची कथा झाली. एकाच घरात, एकाच डुकरामागे या दोन कथा धावत असतात.

आपण बहुधा चांगल्या माणसाच्या बाजूनं नसतोच. ज्याच्या जवळ नेऊन बसवलं त्याच्या बाजूनं असतो. चोर मॅरियन, पुरावा पुसणारा नॉर्मन, ज्याचं नावही एरवी विचारलं नसतं तो जब्या, या सगळ्यांशी आपण सारख्याच सहजपणे जोडले जातो. यात धोका आहे, तसंच मोठं बळही आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आलं तेव्हा गावकुसाबाहेरचं जगणं केवळ विषय म्हणून आलं नाही. तिथला माणूस स्वतःच सांगू लागला. गाव जागच्या जागीच होतं. ते आता महारवाड्यातून दिसू लागलं आणि वाड्याच्या ओसरीवरून कधी न दिसलेल्या गोष्टी वाचकाला दिसल्या.

मात्र शेजारी बसणं म्हणजे तो माणूस होणं नव्हे, हेही ‘फँड्री’नंच बजावलं आहे. अखेर चिडलेला जब्या दगड उचलतो आणि चिडवणाऱ्यांवर भिरकावतो. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. चित्रपटभर आपण त्याच्या बाजूनं आहोत अशा भ्रमात होतो. जब्याला मात्र आपण कठड्यावर बसलेल्यांतलेच दिसतो. नायकानं गोष्टीला आकार द्यायचा असतो, हे खरं. इथे तो प्रेक्षकालाही त्याची जागा दाखवून देतो.