मनिलाचं वार्तापत्र : सांपालोकचा माक्सी

मनिलाच्या उपसागराकाठी भराव घालून उभारलेलं इथलं कल्चरल सेंटर म्हणजे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या पत्नी इमेल्दा यांची हौस. 1969 साली ते सुरू झालं. काँक्रीटच्या या अजस्र ठोकळ्यात 2005 साली ‘सिनेमालाया’ हा स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, आणि इमेल्दाबाईंना शहरात दिसायला नको असलेल्या वस्तीतला एक बारा वर्षांचा पोरगा त्याच पडद्यावर ठुमकत आला. चित्रपटाचं नाव ‘आंग पागदादालागा नी माक्सिमो ओलिवेरोस’, दिग्दर्शक ऑरेयस सोलितो.

माक्सिमो, म्हणजेच माक्सी, राहतो मनिलातल्या सांपालोकमध्ये. हा विद्यापीठांचा भाग. त्याला खेटूनच तुंबलेले नाले आणि पत्र्याची घरं. माक्सीचा बाप आणि दोघे भाऊ भुरटे चोर. आई नाही. घरचा स्वयंपाक, धुणं, उसवलेले कपडे शिवणं, सगळं माक्सीकडे. तो बायकी आहे, पण त्यावरून घरात कोणी चकार शब्द काढत नाही. रडारड, मारझोड, ‘लोक काय म्हणतील’ यातलं काहीच नाही. पेच वेगळाच आहे: माक्सीचा जीव जडतो व्हिक्टर नावाच्या सरळमार्गी पोलिसावर आणि इकडे भावाच्या हातून खून होतो. कोणाशी इमान राखायचं?

नेथन लोपेझने माक्सी केलाय तो न करताच. कमरेवर हात ठेवून भावांना दटावताना तो घरची कर्ती बाई असतो. पुढच्याच क्षणी व्हिक्टरसमोर बावरलेलं पोर. यात हसू यावं, पण पोराचं हसं होऊ नये, ही कसरत त्याला सहज जमते. बाप झालेला सॉलिमन क्रूझ रंगभूमीवरचा नट. त्याचा दरारा आणि पोरावरची माया एकाच नजरेत दिसते.

छायाचित्रण नॅप हामीर यांचं, डिजिटल कॅमेऱ्यावरचं. सुरुवातीलाच नाल्यातला कचरा दिसतो आणि त्यातलं ऑर्किडचं फूल उचलून माक्सी कानामागे खोचतो. कॅमेरा गरिबीला कुरवाळत नाही आणि नाकही मुरडत नाही. बोळातून वाट काढत पोराच्या मागे जातो. (पुढे शेवट सांगतोय, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) बापाला नवा पोलीसप्रमुख गोळी घालतो. शेवटी शाळेला निघालेला माक्सी रस्त्याकडेला थांबलेल्या व्हिक्टरकडे न बघता पुढे जातो. कॅरल रीडच्या ‘द थर्ड मॅन’च्या शेवटाला केलेला हा उघड सलाम आहे. मला तो नक्कल वाटला नाही, कारण चालणाऱ्याचं वय बारा आहे.

2006 साली बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला समलिंगी विषयांवरच्या चित्रपटांसाठीचा टेडी पुरस्कार मिळाला. त्यानंतर इथे समलिंगी विषयावरच्या स्वस्त डिजिटल चित्रपटांची लाटच आली. बऱ्याच जणांनी विषयातलं अंगप्रदर्शन तेवढं उचललं.

माक्सीच्या घरातला मोकळेपणा दिग्दर्शकाने हवेतून आणलेला नाही. इथे गावजत्रेत ‘बाकला’ (बायकी पुरुष) मंडळींची सौंदर्यस्पर्धा असते, पार्लर त्यांचीच, आणि शेजारीपाजारी हौसेने टाळ्या वाजवतात. पण कायद्याचं म्हणाल तर भेदभावबंदीचं विधेयक 2000 सालापासून संसदेत पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, आणि चर्चच्या विरोधापुढे दर खेपेला अडलं. क्वेझॉन सिटीसारख्या शहरांनी मग आपापले नियम करून घेतले. म्हणजे शहराची हद्द ओलांडली, की माक्सीचं संरक्षणही मागे राहतं.