दान केलेल्या नेत्राची पारख

नेत्रदानाने अंधास दृष्टी मिळते, हे आपण ऐकतो. वस्तुतः रोग्यास दिला जातो तो सबंध डोळा नव्हे. बुबुळावर घड्याळाच्या काचेप्रमाणे जो पारदर्शक पडदा असतो, ज्यास स्वच्छमंडल म्हणतात, तेवढाच बदलला जातो. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरेव्हियातील ओलोमोउत्स नगरात एदुआर्द त्सिर्म या नेत्रवैद्याने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. आपल्या देशातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे निघाली.

पेढी हा शब्द येथे अन्वर्थक होय. नाणे पारखल्यावाचून सराफ ते तिजोरीत टाकीत नाही. नेत्रपेढीसही दोन प्रश्न विचारावे लागतात: पडदा चांगला आहे काय, आणि तो निर्धोक आहे काय?

पहिल्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्याच्या आतील अंगास पेशींचा एकच थर असतो. पडद्यात झिरपणारे पाणी या पेशी अहोरात्र बाहेर काढीत राहतात. म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ दिसतो. त्या मेल्या की पडदा फुगतो व गढूळ होतो. मनुष्याच्या ठायी त्यांची जागा घेण्यास नव्या पेशी सहसा निर्माण होत नाहीत. तरुण वयात प्रत्येक चौरस मिलिमीटरात त्या सुमारे ३,००० असतात. दृष्टीसाठी रोपण करावयाचे तर साधारणतः २,००० तरी असाव्यात, असे पेढ्या पाहतात. संख्या कमी भरली तरी पडदा वाया जातोच असे नाही. रोग्याचा स्वतःचा आतील थर शाबूत असल्यास केवळ बाहेरचे थर त्यास बसविता येतात.

दुसऱ्या प्रश्नात मात्र अशी सवलत नाही. १९७८ साली अमेरिकेत एका स्त्रीस अशा दात्याचा पडदा बसविण्यात आला, की ज्याच्या पक्षाघाताचे खरे कारण कोणासच उमगले नव्हते. ते रेबीज होते. काही आठवड्यांनी तीही त्याच रोगाने मरण पावली. १९८८ साली भारतातूनही एकाच दात्याच्या पडद्यांमुळे दोघे दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ज्यास केवळ दिसत नव्हते, त्याने दृष्टीपायी प्राणास मुकावे, याहून दारुण ते काय?

म्हणून दात्याचे रक्त घेऊन एड्सचे विषाणू, ब व क प्रकारची यकृतशोथाची कावीळ आणि उपदंश यांची तपासणी होते. पण रेबीजचा पत्ता अशा तपासणीने लागत नाही. तेथे हकिगतीवरच विसंबावे लागते. प्रत्येक पडद्यास क्रमांक देतात, तो पुढे दोष आढळल्यास मूळ दात्यापर्यंत पोहोचता यावे यासाठी.

घरच्या मंडळींकडे यातील थोडे काम येते. मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर किंचित उंच करावे आणि पेढीस तत्काळ कळवावे. कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पेढीचे लोक आजाराविषयी, शेवटच्या तापाविषयी, कुत्रा चावल्याविषयी विचारतील. अशा दुःखात हे प्रश्न रूक्ष वाटतात खरे. तरी काहीही न लपविता उत्तरे द्यावीत, आणि दान नाकारले गेले तर तो मृताचा अवमान मानू नये.